सगळ्यांना माहीत होतं, विहीणबाई

विहीणबाई, काल दुपारी मी एसी बावीसवर ठेवला. मुद्दाम. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पातळ चादर घेतली आणि मोबाइल उशाशी ठेवून पडून राहिले. दर उन्हाळ्यात जेवणं आटपली की पार्ल्याहून तुमचा फोन यायचा. "काय मुलुंडकर, कितीवर?" मी म्हणायचे, सव्वीस. तुम्ही म्हणायचात, "म्हणजे बावीस." मग आपण दोघी हसायचो, तुम्ही मला जरा रागवायचात, मी तुमच्या देखत, म्हणजे फोनवरच बटणाचा आवाज ऐकवत, तो चोवीसवर आणायचे आणि फोन ठेवला की परत खाली. काल फोन आला नाही. येणार नव्हताच. तेरावं होऊन गेलंय, तुमच्या फोटोला हार मीच घातला, सगळं ठाऊक आहे. तरी वाट बघत पडून राहिले. शेवटी कुडकुडत उठले आणि बंद केला. ज्यांच्यापासून चोरून करायचं तेच माणूस नाही म्हटल्यावर त्या गारव्यात राम राहिला नाही.

हे लिहायला मला मृणालने सांगितलं. तुमची मुलगी, माझी सून. म्हणाली, "आई, तुम्ही लिहा. बाकीचे तिच्या कामाबद्दल लिहितील." खरं आहे ते. तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवलंत. हवा बदलतेय, ऊन वाढतंय हे डोळ्यांनी दिसत असूनही माणसं आपल्या सवयी का बदलत नाहीत, याचा आयुष्यभर शोध घेतलात. ते तुमचे विद्यार्थी लिहितील, नीट लिहितील. मला त्यातलं जेवढं कळलं ते तुमच्या गॅलरीत बसून, शेंगा सोलताना कळलं. आणि त्यातलंही निम्मं तुम्ही गेल्यावर.

आपली ओळखच भांडणाने झाली. मी वरमाय. तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान होतं, सांगून सोय नाही. भारी शालू, अंबाड्याभोवती दोन गजरे, आणि नाकावर राग असा तयार ठेवलेला, की कुणी काही बोललं रे बोललं की वापरायला काढायचा. बैठकीतच तुम्ही शांतपणे सांगितलंत की कार्यालयात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नसतील. तांब्याच्या घागरी, त्यात वाळा, आणि स्टीलचे पेले. मला वाटलं, ही बाई एक नंबरची चिक्कू. मुलाकडच्यांना काय पाणपोईवर उभं करणार? मी माझ्या भावाला सांगून टेम्पोभर बाटल्या मागवल्या आणि आमच्या बाजूच्या टेबलांवर ओळीने मांडल्या. पंगती उठल्यावर बघते तर काय, माझं अख्खं माहेर बाटल्या अर्धवट टाकून तुमच्या घागरींपुढे रांगेत. वाळ्याच्या वासाने गेले होते मेले. रांगेत सगळ्यात पुढे आमचे हे.

त्या गर्दीतून तुम्ही पेला घेऊन माझ्याकडे आलात. "दमलात विहीणबाई. घ्या." मी घेतला. आयुष्यात इतकं चांगलं पाणी प्यायले नव्हते. पण तसं म्हणाले मात्र नाही. म्हटलं, "जरा कोमट आहे."

पुढे आपली गट्टी जमली ती नातीमुळे. ईरा झाली, आणि पार्ल्याची आजी, मुलुंडची आजी अशी वाटणी झाली. तुम्ही तिला प्रश्न विचारायला शिकवलंत, मी तिला पत्त्यांत लबाडी करायला शिकवलं. तिच्या निमित्ताने येणंजाणं वाढलं, मग निमित्ताची गरज उरली नाही. एकमेकींना 'अहो-जाहो' मात्र आपण शेवटपर्यंत करत राहिलो. आमच्या शेजारणीला त्याचं नवल वाटायचं. एवढ्या खिदळता आणि अजून तुम्ही-आम्ही कसलं? मी म्हणायचे, मान ठेवून टोमणा मारला की जास्त लागतो.

एकदा मी तुम्हाला माझ्या घंगाळाची गोष्ट सांगितली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं एवढं मोठं पितळी घंगाळ होतं घरात. मी ते दारावर आलेल्या भांडीवालीला देऊन लाल प्लास्टिकची बादली घेतली. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. ती बादली हातात घेऊन मी चाळीच्या दोन्ही मजल्यांवर जाऊन आले, काम काही नसताना. लोकांना दिसावी म्हणून. कुणी विचारलं तर सांगायचं होतं, "हलकी आहे हो अगदी, फुलासारखी." सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत आणि ते मला आठवड्याने कळलं, इतकी मी बादलीत बुडालेली. ही गोष्ट सांगून मी स्वतःच्या नावाने भरपूर हसले. मला वाटलं तुम्ही मला दोन शब्द ऐकवाल. तुम्ही म्हणालात, "तिला ती बादली सुंदर दिसली. माणसाला नवं, हलकं, रंगीत आवडतं. हे विसरून जे शिकवायला जातात त्यांचं कुणी ऐकत नाही."

त्या वेड्या मुलीची बाजू त्याआधी कुणी घेतली नव्हती. मीसुद्धा नाही.

तुम्ही नुसत्या साध्या नव्हतात, हे मी जगाला सांगणार आहे. दर दोन वर्षांनी मुलाकडे अमेरिकेला जायचात. मी विचारायचे, "तुमचं विमान काय गवतावर चालतं?" तुम्ही चहा ढवळत म्हणायचात, "नाही. पण मुलाला भेटायचंय. आणि त्यासाठी मी कारणं पण छान तयार केली आहेत, ऐकायची आहेत?" स्वतःची लबाडी एवढ्या हौसेने उलगडून दाखवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. म्हणून तुमचा राग यायचा नाही. म्हणजे यायचा, पण टिकायचा नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना तुम्ही प्रश्न विचारलेत तो उन्हाळा आठवतो? एकेकीकडे चहाला जायचात आणि बोलता बोलता विचारायचात: या बदललेल्या हवेची काळजी वाटते का, एक ते पाचमध्ये सांगा. मी सगळ्या प्रश्नांना तीन म्हटलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "तुमच्यासारख्यांमुळे माझं शास्त्र बदनाम होतं." पण त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलात आणि वेगळ्याच आवाजात बोललात. म्हणालात, "मुलुंडकर, तुमच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात एक काळजी करणारी बाई आहे. आणि प्रत्येकीला विचारलं, इतरांना वाटत असेल का? तर म्हणते, छे हो, इथे कुणाला काय पडलंय. म्हणून एकही बोलत नाही. सगळ्या एकट्या एकट्या घाबरून बसल्यात, भिंतीला भिंत लागून." मी म्हटलं, "मग काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "कुणीतरी पहिल्यांदा बोलायचं."

मी बोलायचं सोडून कृतीला लागले, आणि काय केलं तर वाण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डबे-गाळण्या द्यायच्या ऐवजी खणाच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या. झकास झाल्या होत्या. सगळ्यांना आवडल्या. इतक्या आवडल्या की पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पैठणीच्या काठाच्या दिल्या, समोरच्यांनी इरकलीच्या, आणि रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरात कापडी पिशव्यांची चळत लागली. मी विजयी चेहऱ्याने तुम्हाला दाखवायला शेजारणीकडे घेऊन गेले. तिने कपाट उघडलं. सगळ्या पिशव्या घड्या घालून, खराब होऊ नयेत म्हणून, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि भाजी तिने आदल्या दिवशीच भाजीवाल्याच्या पातळ पिशवीतून आणलेली. म्हणाली, एवढी चांगली पिशवी मेथीला कशी न्यायची?

तिच्यासमोर तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत. माझ्या घरात येऊन दार लावल्यावर तुम्ही जे हसलात, की मी पाणी आणायला पळाले. डोळे पुसत म्हणालात, "वाट लागली माझ्या सगळ्या सिद्धांतांची." विहीणबाई, माझ्याकडे तुमचे फोटो पुष्कळ आहेत. त्या हसण्याचा एकही नाही.

आता ईराचं लिहायला हवं. तेच टाळत होते.

ती अकरावीत असताना तिने मोबाइलवर कसला तरी नकाशा पाहिला. त्यात मुंबई बुडालेली. तेव्हापासून पोरीचं जेवण तुटलं. अभ्यासाला बसायची आणि नुसती भिंतीकडे बघायची. एकदा पोळी लाटता लाटता मला म्हणाली, "आजी, हे सगळं शिकून करायचं काय? तुला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "मुलुंडला कशाची भीती? समुद्र आला तर आधी पार्ल्याच्या आजीकडे जाईल, तिथे तिचं लेक्चर ऐकून परत फिरेल." ती हसली. पण ताटातलं तसंच ठेवून उठली. मी त्या हसण्यावर समाधान मानलं, कारण मला तेच जमत होतं. मलाही भीती वाटत होती, हे मी तिला सांगितलं नाही. आजीने असं सांगायचं नसतं अशी माझी ठाम समजूत.

तुम्ही आलात. मी तुम्हाला आत नेऊन बजावलं, पोरीला धीर द्या, सगळं ठीक होईल म्हणा. तुम्ही तिच्या शेजारी पलंगावर बसलात आणि म्हणालात, "मला पण भीती वाटते गं." मी दारात उभी राहून कपाळावर हात मारला. पण ईरा तुमच्याकडे अशी वळली, जणू कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी तिच्या भाषेत हाक मारली. खूप वेळ तुम्ही दोघी बोलत होतात. मग तुम्ही मला हाक मारून विचारलंत, तुमच्या डोक्यावरची गच्ची दुपारी किती तापते हो?

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात आमचा स्लॅब म्हणजे तवा. ती गच्ची पांढऱ्या रंगाने रंगवायची कल्पना तुमची. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई वर्षानुवर्षं प्रत्येक कल्पनेला "जोईशुं", म्हणजे बघू, म्हणून वाटेला लावत आलेले. मी म्हटलं, त्यांना पृथ्वीबद्दल समजावून सांगा. तुम्ही म्हणालात, पृथ्वी खूप लांब आहे, त्यांना चहाला बोलवा. भर दुपारी बोलावलं. एसी बिघडलाय अशी थाप मी मारली, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पंखा तेवढा गरगरत होता, गरम हवा खाली ढकलत. मी कढत चहा दिला, वर कांदाभजी दिली, आणि आग्रह करकरून पुन्हा वाढली. शहाभाईंचा शर्ट पाठीला चिकटला. तुम्ही पृथ्वीचा 'प'सुद्धा काढला नाहीत. त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत बसलात. शेवटी तेच रुमालाने मान पुसत मला म्हणाले, "प्रभाबेन, इथे माणूस राहते कसं? काय तरी करायला पाहिजे ना."

आधी अर्धीच गच्ची रंगवायची हेही तुमचंच. ईराने कंबर कसली, तिच्या मैत्रिणी आल्या, तुम्ही पदर खोचून खुर्चीवर बसून हुकूम सोडत होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ईराने घरोघरी जाऊन लोकांना वर बोलावलं आणि चपला काढायला लावल्या. एक पाय काळ्या भागावर, एक पांढऱ्यावर. शहाभाई काळ्यावरून उडी मारून पांढऱ्यावर आले आणि तिथेच उभे राहिले. लोक हसत होते, एकमेकांना ओढत होते, आणि मग बोलायला लागले. गेल्या वर्षीचं ऊन, पावसाचं भलतंच वेळापत्रक, गावची विहीर. ज्या बायकांना वाटायचं इतरांना पडलेली नाही, त्या एकमेकींचे हात धरून बोलत होत्या. ईरा त्या गर्दीत मध्ये उभी, नाकाला रंग लागलेला. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली. तुम्ही मला म्हणालात, जग वाचलं नाही हो, एक गच्ची झाली. पण एवढी पोर आता एकटी नाही.

मी त्यावर काहीतरी फाजील बोलले. धन्यवाद म्हणायला हवं होतं. विहीणबाई, माझी नात तुम्ही मला परत दिलीत. हे एवढं साधं वाक्य मला तुमच्यासमोर कधी जमलं नाही.

आणि मग तुमचं दुखणं.

आपण काय केलं तेव्हा? बघा ना जरा. मृणालला डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तिने ठरवलं, ईराची परीक्षा आहे, तिला कळू द्यायचं नाही. तुम्ही मृणालला बजावलंत, मुलुंडकरांना सांगू नकोस, वरून दणकट दिसतात पण सोसायच्या नाहीत. मला माझ्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि मी त्याला म्हटलं, मला कळलंय हे पार्ल्याला कळता कामा नये. म्हणजे ईरा सोडून सगळ्यांना सगळं माहीत, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळत गप्प. हॉस्पिटलच्या खोलीत आपण काय बोलायचो? साबुदाण्याची पेज घट्ट आहे की पातळ. खिडकीचा पडदा. नर्सचं लग्न जमतंय का. माणसं डोळ्यांसमोरचं संकट दिसत असून का बोलत नाहीत, यावर अख्खं आयुष्य घातलेली बाई पलंगावर, आणि तिच्याभोवती आम्ही सगळे तेच करतोय. तुम्हीसुद्धा.

शेवटच्या भेटीत तुम्ही माझा हात धरलात. यापूर्वी कधी धरला नव्हता. हात हलका झाला होता. म्हणालात, "मुलुंडकर, घाबरलात का?"

मी म्हटलं, "छे. मी कशाला घाबरू? तुम्हाला काय धाड भरलीये?"

तुम्ही हसलात, ओठांपुरतं. मी पेजेचं भांडं धुवायला नेलं आणि नळ मोठा सोडून उभी राहिले. बाहेर आले तर तुम्हाला झोप लागली होती. मी डबा उचलला आणि आले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

स्मशानातून सगळे परत आले त्या संध्याकाळी ईराने आम्हाला पुढ्यात उभं केलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला म्हणालात साधं ऑपरेशन आहे. मी तिच्याशी नोट्सबद्दल बोलत बसले. तुम्ही मोठी माणसं नेहमी हेच करता. माहीत असतं, आणि गप्प बसता, आणि मग आम्हाला एकदम सगळं संपल्यावर सांगता." माझ्या तोंडात काहीतरी गमतीचं यायला लागलं, सवयीने. आलं नाही. ती फक्त तुमच्याबद्दल बोलत नव्हती, हे मला कळत होतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. हवं-नको एवढंच. जेवायला यायची, ताट उचलून न्यायची. तुम्ही गेलात त्याचं दुःख एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला, की तुमच्यामागे आता तिच्याशी खरं बोलणारं घरात कुणी नाही. आणि जी उरली आहे ती मी. गंमत करणारी. पत्त्यांत लबाडी शिकवणारी. मला ती पुन्हा भिंतीकडे बघत बसलेली दिसायला लागली, आणि तुमचा एवढा राग आला, की काय सांगू. जायची एवढी काय घाई होती?

गेल्या रविवारी संध्याकाळी मी पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसले होते. ईरा आली, समोर बसली आणि एक कैरी ओढून सोलायला लागली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "आजी, तुला खरंच कशाचीच भीती वाटत नाही?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिच्या स्वयंपाकाची वाटते, असं म्हणणार होते. ते गिळलं. गिळायला जड गेलं हो.

"वाटते," मी म्हटलं. "ऊन असंच वाढत गेलं तर तुझं कसं होईल याची वाटते. तू नकाशा पाहिलास तेव्हाही वाटली होती. आणि तिला आम्ही तुला न सांगता जाऊ दिलं, ते चुकलंच. मला ती नसल्याचं फार जड जातंय ईरा. रोज जातंय."

ईराने वर पाहिलं. डोळे भरलेले, पण चेहरा मोकळा. म्हणाली, "ती म्हणाली होती तू सांगशील. उशिरा, पण सांगशील."

"कोण?"

"पार्ल्याची आजी. हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, मुलुंडच्या आजीला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटते. ती टाळेल, तरी विचारत राहा. तिला एकटीला ठेवू नकोस. ती असं का म्हणतेय ते मला तेव्हा कळलंच नाही."

विहीणबाई, म्हणजे माझ्या त्या 'छे'वर तुम्ही विश्वास ठेवलाच नव्हतात. मला वाटत होतं पोर माझ्या पदरात टाकून गेलात, आणि तुम्ही तर मला तिच्या ओटीत घालून गेला होतात. कैरीने बरबटलेले हात तसेच ठेवून मी रडले. चांगली मोठ्याने, लाज सोडून, तुमच्या मरणावरही इतकी रडले नव्हते. ईरा घाबरली नाही. ताट बाजूला सारून जवळ सरकली, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली, आणि बोलायला लागली. नोट्सबद्दल बोलत राहिलेल्या त्या दुपारीबद्दल, पुढे काय करायचंय त्याबद्दल, मूल होऊ द्यावं की नाही याबद्दल, आपल्या सगळ्यांवरच्या रागाबद्दल. कितीतरी साठलं होतं तिच्यात. बाहेर अंधारून आलं, देवापाशी दिवा लावायचा राहिला, आणि मी ऐकत राहिले. खोटं वाटेल तुम्हाला, पण मध्ये एकदाही विनोद केला नाही.